पिवळी गुळणी

दाढा काढल्याच्या तिसऱ्या दिवशी हळदीचा व्यापारी अंगणात येऊन उभा राहिला. पारख्याचे दोन्ही गाल तेव्हा अजून सुजलेले होते. तरी तो उठला, पडवीतल्या पोत्यात हात घालून त्यानं एक वाळलेलं हळकुंड काढलं आणि सवयीनं तोंडाकडे नेलं.

पारखी हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पण पंचवीस-तीस वर्षांत आसपासच्या गावांत त्याला दुसऱ्या नावानं कुणी हाक मारली नव्हती. हळकुंड दाढेखाली धरायचं, कट्कन मोडायचं, त्याचा आवाज ऐकायचा, मोडलेल्या कडेकडे एक नजर टाकायची आणि सांगून टाकायचं, "दोन उन्हं कमी पडलीत," नाहीतर "शिजवताना घाई झालीय हिला." तो म्हणेल ते व्यापारीही मानायचे आणि हळद पिकवणारेही. दुसऱ्यांच्या खळ्यांवरून त्याला बोलावणी यायची. चहा पिऊन, चार पोती चाखून तो परत यायचा.

त्या दिवशी हळकुंड ओठांपर्यंत गेलं आणि तिथंच थांबलं. चावायला मागं काही उरलंच नव्हतं. व्यापारी भला माणूस. तो आभाळाकडे बघत राहिला, जसं काही ढगांचीच चौकशी करायला आला होता. मग त्यानं स्वतःच एक हळकुंड उचललं, मोडलं, आणि "चांगली आहे," म्हणाला. पारख्यानं हातातलं हळकुंड हळूच खिशात टाकलं.

थोरलीनं हे सगळं हळद शिजवायच्या कढईपाशी उभ्या उभ्या पाहिलं. ती पारख्याची बायको. घरात दोन सुना, म्हणून ही थोरली आणि दिराची बायको ती धाकटी. थोरलीला वाटलं, पुढं होऊन काहीतरी बोलावं, विषय बदलावा. पण कढईला उकळी आली होती. तिनं काठीनं वरचा पाला दाबला आणि वाफ तोंडावर घेतली.

दुखणं सुरू झालं होतं कानापासून. कान ठणकायचा म्हणून कानात तेल घालून झालं. मग दाढेवर संशय घेतला. मग एक दिवस दाढी करताना पारख्याच्या बोटांना मानेत बोराएवढी गाठ लागली. तालुक्याच्या डॉक्टरानं मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथं नळी घालून पाहिलं, तुकडा काढून तपासला, आणि डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून सांगितलं की जिभेच्या मुळाशी कर्करोग आहे, मानेत उतरला आहे, कापायची जागा नाही. किरणांचे शेक द्यावे लागतील. तेहतीस. आठवड्याला पाच. सोबत दर सोमवारी सलाइनमधून औषध. आणि त्याआधी किडलेल्या दाढा काढून टाकाव्या लागतील, कारण शेकलेल्या जबड्याची जखम भरता भरत नाही.

पारख्यानं विचारलं एवढंच, की हळदीचा हंगाम तोंडावर आलाय, तो झाल्यावर सुरू केलं तर चालेल का. डॉक्टरीणबाई नाही म्हणाल्या.

हळद काढून ठेवली होती. ती शिजवायला उशीर झाला असता तर सुकून खराब झाली असती. म्हणून मग सगळं एकदमच अंगावर घेतलं. पहाटेची पहिली गाडी पकडायची, दीड तास हेलकावे खात शहरात जायचं, रांगेत बसायचं. आत पारख्याच्या तोंडावर जाळीचा मुखवटा बसवायचे, त्याच्याच चेहऱ्याच्या मापाचा, आणि तो चारी बाजूंनी टेबलाला अडकवून टाकायचे. डोकं तसूभर हलता कामा नये. बाहेर आल्यावर त्याच्या कपाळावर, नाकावर जाळीची नक्षी उठलेली असायची. ती पुसली जाईतो गाडी गावापाशी आलेली असायची. उतरल्या उतरल्या थोरली पदर खोचून कढईपाशी उभी राहायची. धाकटा दीर आणि धाकटी सकाळपासून तिथंच असायचे, सोबत दोन मजुरीच्या बायका. कच्चे गड्डे कढईत ओतायचे, वर पाला नि भिजलेली पोती घालायची, खाली जाळ सारखा ठेवायचा. फेस वर आला, वास बदलला, काडी सहज आरपार गेली की उपसायचं. हे सांगायचं काम आजवर पारख्याचं होतं. आता तो पडवीत खाटेवर बसून लांबूनच नाक वर करायचा आणि हातानं खुणावायचा, "काढा."

लोक यायचे, बसायचे. येणारा जाणारा पडवीतल्या पोत्यांकडे बघून तेच म्हणायचा, की घरात हळदीची रास छताला टेकलीय आणि तुम्ही दवाखान्याच्या पायऱ्या झिजवताय. हळदीनं सगळं जळून जातं म्हणे. कुणाच्या मेव्हण्याचं गेलं होतं, कुणाच्या मामाचं. धाकटा तर एका झाडपाल्यावाल्याकडून चाळीस पुड्या घेऊनच आला. त्या झाडपाल्यावाल्याची अट एकच होती, शेक बंद करायचे. धाकट्याच्या मनात काही वाईट नव्हतं. भाऊ दिवसागणिक उतरत चाललेला त्याला बघवत नव्हतं, आणि हातात काहीतरी घेतल्याशिवाय त्याला भावासमोर उभंही राहवत नव्हतं.

थोरलीनं एक पुडी पदराला बांधून डॉक्टरीणबाईंना नेऊन दाखवली. त्यांनी वास घेतला, आत काय आहे म्हणून विचारलं.

"तो सांगत नाही," थोरली म्हणाली.

"मग मी तरी काय सांगू?" डॉक्टरीणबाईंनी पुडी परत दिली. "झाडपाल्याशी माझं वाकडं नाही हो. सोमवारी ह्यांना सलाइनमधून देते ते औषधही मूळचं एका झाडाच्या पाल्यातलंच आहे. पण ते शुद्ध केलेलं, थेंबाथेंबानं मोजलेलं, माणसांवर तपासलेलं. स्वयंपाकात हळद घाला, माझी ना नाही. मूठमूठ खायला घालू नका. ती औषधाच्या आड येते की काय, ते आम्हाला अजून नीट ठाऊक नाही."

पुड्या थोरलीनं चुलीत घातल्या नाहीत. धाकट्याला वाईट वाटलं असतं. तिनं त्या फडताळात मागं सारून ठेवल्या.

तिसऱ्या आठवड्यात तोंड सोलवटलं. आधी जिभेची चव गेली होती. दूध काय, वरण काय, सगळं ओल्या पुठ्ठ्यासारखं लागतं म्हणायचा. मग गालाच्या आत, टाळूला, जिभेच्या कडांना लालभडक चट्टे उठले. मिठाची नि सोड्याची गुळणी दवाखान्यानं दिलीच होती, दुखणं मारायचं पातळ औषधही होतं. तरी पाण्याचा घोट घेताना तो दोन्ही डोळे मिटून घ्यायचा.

त्याच आठवड्यात बाटलीवाली ताई भेटली. दवाखान्यातच काम करणारी, चष्मा लावणारी, हातात सतत कागदांची पाटी. हळदीतला अर्क काढून त्याची गुळणी केली आहे, तिनं तोंडाची आग कमी होते का ते बघायचं आहे, असं तिनं समजावून सांगितलं. रोगावरचं औषध नव्हे, शेक सोसायला बळ मिळतं का एवढंच बघायचं. निम्म्या लोकांना अर्काची बाटली मिळणार, निम्म्यांना नुसती तशी दिसणारी. बाकीचे उपचार सगळ्यांना सारखेच.

"म्हणजे निम्म्यांच्या बाटलीत हळद नाहीच?" पारख्यानं विचारलं. तेव्हा तो अजून बोलत होता, घोगरा आणि जपून.

"नाही, काका. रंग तोच, पुदिन्याचा वास तोच. कुणाला कुठली मिळाली ते मला माहीत नाही आणि डॉक्टरांनाही नाही. संगणक ठरवतो."

पारखी हसला. हसताना त्याचा ओठ फाटला. "जन्मभर मी हळद ओळखली," तो म्हणाला. "आता बघू, हळद मला ओळखते का." आणि त्यानं सही केली.

काचेची बाटली, पिवळंधमक पाणी. दिवसातून चार वेळा झाकणभर घ्यायचं, दोन मिनिटं तोंडात खेळवायचं, थुंकायचं. दर गुरुवारी बाटलीवाली तोंडात बॅटरी मारून बघायची आणि विचारायची, शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सोसवत नाही, तर आज किती? तो बोटं दाखवायचा. ती लिहून घ्यायची.

थोरलीच्या डोळ्यांदेखत माणसात फरक पडला. गाडीत शेजारी बसेल त्याला तो बाटली काढून दाखवू लागला, की बघा, आमच्या वावरातलं पीक शेवटी दवाखान्यात पोचलं. त्या आठवड्यात त्यानं रोज तीन-तीन वाट्या पेज घेतली. थोरलीनं विचारलं की आग जरा कमी आहे का, की तो मान हलवायचा, हो. बरं आहे. थोरलीचं काळीज सुपाएवढं व्हायचं. ती कढईत काठी घालायची तेव्हा तिला वाटायचं, आपण जे ढवळतो आहोत त्यातलंच काहीतरी त्या माणसाच्या तोंडातली जखम सांधतं आहे. शिजलेली हळद अंगणभर पसरताना ती वाकून वाकून थकायची नाही.

पाचव्या आठवड्याच्या सुरुवातीला, दुपारी, ती दगडावर कपडे धुवायला बसली. तिच्या स्वतःच्या लुगड्याला हळदीचे डाग होते, ते तर ह्या दिवसांत रोजचेच. त्यावर तिनं साबण घासला आणि डाग लालभडक झाले. हळदीचं काम करणाऱ्या बायकांना ह्याचं काही नवल नसतं. साबण लागला की हळद लाल होते आणि उन्हात टाकली की उडून जाते. मग तिनं पारख्याचा टॉवेल घेतला. गुळणी करताना हनुवटीवरून ओघळलेलं पुसायला तो हाच टॉवेल वापरायचा. त्यावर पिवळे ओघळ होते. तिनं साबण घासला.

ओघळ पिवळेच राहिले. थोडं चोळल्यावर पाण्याबरोबर निघूनही गेले.

ती टॉवेलकडे बघत बसली. मग तिनं दुसरा कोपरा घेतला, त्यावर घासलं. तेच. हात धुऊन ती आत गेली, बाटलीचं झाकण उघडलं आणि बोट बुडवून जिभेवर ठेवलं. पुदिना, थोडा गोडवा, आणि त्याच्यामागं काहीच नाही. हळद जिभेच्या मागच्या बाजूला कडवट धरून बसते, मातीचा वास सोडते. इथं धरायला काही नव्हतं. रंगीत पाणी होतं.

पारखी खाटेवर डोळे मिटून पडला होता. थोरलीनं झाकण घट्ट लावलं आणि बाटली होती तिथंच, होती तशीच ठेवली.

कुणाला सांगायचं? धाकट्याला सांगितलं तर तो पुड्या घेऊन पुन्हा दारात उभा. धाकटीला सांगितलं तर सांजेपर्यंत गावभर. आणि ह्यांना सांगायचं म्हणजे त्या एका बाटलीवर जो माणूस उठून बसतोय त्याच्या पाठीखालची उशी काढून घ्यायची. तिनं ओठ शिवून घेतले. त्या दिवशी तिनं पहिल्यांदाच कढई करपवली. सगळे गड्डे बाजूला काढताना धाकट्याचा चेहरा बोलत होता.

गुरुवारी पारखी शेकाला आत गेला तेव्हा तिनं बाटलीवालीला बाकावर गाठलं.

"ताई, त्या बाटलीत हळद नाही," ती म्हणाली. "मी धुताना..."

"मावशी, पुढं बोलू नका." मुलीनं हात धरला तिचा, घाईघाईनं. "मला कळलं तर मला ते लिहावं लागेल. मग काकांना ह्यातून बाहेर काढतील."

"मग काढा. दुसरी द्या."

"दुसरी मिळत नाही. बाहेर म्हणजे बाहेर. मिठाची गुळणी आणि औषध आत्ता आहे तेच राहील." "आणि दुसरी चांगली आहे हे तरी कुणाला माहीत आहे? माहीत असतं तर सगळ्यांना तीच नसती का दिली?"

थोरली तिच्याकडे बघत राहिली. लेक शोभेल अशा वयाची पोर. खोटं बोलत नव्हती. तिच्या हातात काही नव्हतं आणि थोरलीच्याही. दार उघडलं, पारखी बाहेर आला, कपाळावर जाळीची नक्षी घेऊन. बाटलीवालीनं कागद पुढं केला, बॅटरी मारली, आज किती म्हणून विचारलं. त्यानं सहा बोटं दाखवली.

सव्विसाव्या शेकानंतर सहाची आठ झाली. पेज तीन वाट्यांवरून अर्ध्यावर आली. मानेची कातडी काळी पडली आणि जागोजाग सुटली, तिच्यावर लावायला दिलेलं मलम थोरली पिसानं लावावं तसं लावायची. त्याचा आवाज पूर्ण गेला. थुंकी चिकट दोऱ्यासारखी व्हायची, ती बोटानं ओढून काढावी लागायची, आणि हे करताना तो तिच्याकडे पाठ करून बसायचा. पाटलोण सुतळीनं बांधायची वेळ आली. तरी चार वेळा बाटली, दोन मिनिटं, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत. तिनं विचारलं की तो मान हलवायचा, बरं आहे.

आणि पडवीत हळद. ढोलात घालून फिरवलेली, पॉलिश झालेली, सोन्यासारखी. थोरली येता-जाता तिला अडखळायची. घरात रास पडलीय आणि ह्यांच्या तोंडात रंग. हा एकच विचार तिला उठता-बसता टोचू लागला.

शेवटी एका दुपारी, सगळे मळ्यात असताना, तिनं पोत्यातून निवडून पाच हळकुंडं काढली. ती पाट्यावर वाटली, पाण्यात उकळली, दुहेरी फडक्यातून दोनदा गाळली. चाखली. जिभेच्या मागं कडू बसलं. मग बाटलीतलं अर्धं पाणी तिनं मोरीत ओतलं आणि त्याच्या जागी आपलं भरलं. बाटली हलवली, उजेडाकडे धरली. कितीतरी दिवसांनी आपण काहीतरी केलं असं तिला वाटलं.

चार वाजता पारख्यानं झाकण भरलं, तोंडात घेतलं. तत्क्षणी त्यानं खाटेची कड पकडली. बोटांची पेरं पांढरी झाली. डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या. थोरली पुढं धावली, थुंका म्हणाली, थुंका. त्यानं हातानं तिला थांबवलं. नजर घड्याळावर. पूर्ण दोन मिनिटं त्यानं ते तोंडात धरलं आणि मग थुंकला.

तिनं बाटली ओतून द्यायला हवी होती. पण तिला वाटलं, खरं औषध आहे, लागणारच. दुसऱ्या दिवशी त्यानं चारही वेळा घेतलं. तिसऱ्या दिवशी सकाळी उशीवर रक्त होतं, अंगात ताप होता, आणि त्यानं तोंड उघडलं तेव्हा आत सगळं पांढऱ्या सालींनी भरलं होतं.

दवाखान्यात ठेवून घेतलं. नाकातून नळी घातली. शेक थांबवले. मध्येच थांबवणं चांगलं नसतं, रोगाला श्वास मिळतो, हे डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगून ठेवलेलं होतं, त्यामुळे एकेक दिवस कोरा जाताना थोरली तो बोटांवर मोजायची. पाच दिवस कोरे गेले.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरचं काही दिलं होतं का. थोरलीनं सगळं सांगितलं. टॉवेलपासून. उभ्या उभ्या, हात पदराखाली धरून.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "ह्या आठवड्यात हे बऱ्याच जणांना होतं," त्या म्हणाल्या. "तुमच्या काढ्यानं झालं असेल. त्याशिवायही झालं असतं. मला सांगता येणार नाही."

"खरं सांगा, बाई. मी ऐकायला तयार आहे."

"खरं हेच आहे," त्या म्हणाल्या आणि पुढच्या खाटेकडे वळल्या.

बाटलीवाली दुपारी येऊन बाटली घेऊन गेली. तिला नेणं भाग होतं. जाताना तिनं पारख्याच्या पायावर क्षणभर हात ठेवला.

पारख्यानं खूण करून वही मागितली. बोलणं बंद झाल्यापासून उशाशी एक शाळेची वही आणि पेन्सिल असायची. त्यानं लिहिलं, "बाटली का नेली?"

थोरलीनं खाटेच्या कडेवर बसून सांगून टाकलं. त्यात हळद नव्हती, नुसता रंग होता. मला कळलं. मी आपली घातली. तुमच्या तोंडाचं हे जे झालंय ते माझ्या हातानं झालंय.

त्यानं वही पुन्हा पुढं ओढली. मग लिहिलं, "माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"हळद नव्हती. काचेला डाग धरत नव्हता. पहिल्याच दिवशी कळलं."

थोरलीला काही उमजेना. "मग गाडीत सगळ्यांना काय दाखवत होतात? आणि रोज चार-चार वेळा घेत कशाला होतात?"

त्यानं सावकाश लिहिलं, "दर गुरुवारी ती विचारायची किती दुखतं. लिहून घ्यायची."

आणि खाली आणखी एक ओळ. "तू विचारलंस की मला बरं म्हणावं लागायचं."

थोरलीनं वही मिटली. ती उठली, खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. खाली अंगणात कुणीतरी गाडी धूत होतं, पाणी वाहत होतं.

राहिलेले शेक झाले. तेहतीस पुरे झाले. नळी निघाली, तोंडाची कातडी हळूहळू धरली. चव काही परत आली नाही. थुंकी सुटेना म्हणून पाण्याची बाटली सतत हाताशी ठेवावी लागे. घरच्या हळदीची विक्री धाकट्यानं आणि थोरलीनं मिळून केली. पारखी आत बसून राहायचा, व्यापारी आला की भिंतीकडे तोंड करायचा. पुढच्या लावणीचं बेणं निवडताना मात्र तो बाहेर आला, दिवसभर बसून त्यानं एकेक गड्डा हातात घेऊन वेगळा केला. ह्या कामाला तोंड लागत नाही, बोटं लागतात. त्या दिवशी तो पेज घेऊन शांत झोपला.

लावणी झाली, पानं गुडघ्याला आली, आणि मानेत पुन्हा गाठ आली, ह्या वेळी दुसऱ्या बाजूला. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं की आता शेक देता येणार नाहीत, दुखू नये एवढं बघू. गाडीतून येताना दोघं एकाच बाकावर बसून बाहेर बघत होते. धाकट्यानं ह्या खेपेला पुड्यांचं नावही काढलं नाही. त्यानं दादासाठी पडवीत नवी खाट विणून घातली, बास.

पहिल्या गुरुवारी थोरलीनं वही काढली. खाटेशी बसली. बरं आहे का, असं विचारलं नाही.

"शून्य ते दहा," ती म्हणाली. "आज किती?"

त्यानं तिच्याकडे पाहिलं. मग सात बोटं वर केली. तिनं सात लिहिलं. धीर दिला नाही, डोळे पुसले नाहीत, काही नाही. सात लिहिलं आणि तारीख टाकली. गुरुवारची वाट कशाला बघायची, म्हणून मग रोजच विचारू लागली. कधी सहा, कधी नऊ. एकदा दहा दाखवून त्यानं दोन्ही हात तसेच वर ठेवले, आणि तिनं दहा लिहून त्याच्यापुढे अधिकची खूण केली. ती त्यानं वाकून बघितली आणि मान हलवली, बरोबर. शेवटी शेवटी हात उचलवत नव्हता. ती त्याचा पंजा हातात घ्यायची, तो बोटं दाबायचा, ती मोजायची. पावसाळा सरता सरता तो गेला.

पुढचा हंगाम लागला. कढई मांडली. आता काढा म्हणून सांगायचं काम थोरलीकडे आलं होतं. कुणी तसं ठरवलं नव्हतं, पण सगळे तिच्या तोंडाकडे बघायचे.

एका दुपारी उपसणी चालू असताना धाकटीनं आतून फोन आणून दिला. बाटलीवाली बोलत होती. मावशी, तुम्ही आठवता मला, म्हणाली. काकांचं कळलं होतं, यायला जमलं नाही, म्हणाली. मग म्हणाली की अभ्यास पुरा झाला, ज्यांनी सही केली त्यांना कळवायचं असं तेव्हाच ठरलं होतं.

"मग? फरक पडला का?" थोरलीनं विचारलं.

थोडा दिसतो, ती म्हणाली. अर्काच्या बाटलीवाल्यांचा दुखण्याचा आकडा काही दिवस उशिरा चढला. पण खात्रीनं सांगावं एवढा नाही. आणखी माणसं घेऊन पुन्हा बघावं लागेल.

थोरली कढईपासून जरा लांब गेली. "आमचं धरलंय का त्यात?"

"धरलंय, मावशी. एकदा सही झाली की कुणाला वगळत नाहीत. काका जितके दिवस होते तितके सगळे दिवस आहेत."

"पुढचे माझ्याकडे आहेत," थोरली म्हणाली. "रोजचे. लिहून ठेवलेत."

मुलगी हळूच म्हणाली की ते आता त्यात घेता येणार नाहीत.

"नाही ना घेता येणार." थोरलीनं मान हलवली. धाकटा काठी हातात घेऊन तिच्याकडे बघत होता, कढईवर फेस आला होता, पण तिनं त्याला थांब अशी खूण केली.

"मावशी," फोनमधून आवाज आला. "वही जवळ आहे का?"

"फडताळात आहे."

"आणा. वाचा. मी ऐकते."

थोरलीनं लुगड्याला हात पुसले, आत गेली, वही घेऊन उंबऱ्यावर बसली. तिचे डोळे आताशा जवळचं धरत नव्हते, म्हणून वही तिनं उजेडात लांब धरली.

"सात," तिनं वाचलं. "सात. आठ. सहा. त्या दिवशी पाऊस होता. नऊ."

पलीकडे श्वासाचा आवाज येत होता. थोरलीनं पान उलटलं.